सहा पंख्यांचा टेस्ट रिपोर्ट

दिगंबरने आपल्या सासऱ्यांना नापास केलं ते मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, आणि जेवणाची ताटं मांडायच्या आत ती बातमी अख्ख्या बोरमळ्यात फिरली. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यामुळे प्रकरण सोपं होण्याऐवजी अवघडच झालं, कारण जिवंत माणूस निदान फेरपरीक्षा मागू शकतो.

बोरमळा ही सुदुंबऱ्याच्या पुढची शंभरेक उंबऱ्यांची वाडी. वाडीत मारुतीचं देऊळ, देवळापुढे लोखंडी अँगलवर पत्रे टाकलेला सभामंडप, आणि मंडपात सहा पंखे. प्रत्येक पंख्याच्या तीन पात्यांवर तांबड्या ऑइलपेंटने देणाऱ्याचं नाव: पहिल्या पात्यावर 'श्री. भिकाजी मारुती', दुसऱ्यावर 'यांजकडून', तिसऱ्यावर 'श्रीचरणी अर्पण'. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, ही या पद्धतीतली एकमेव अडचण. म्हणून पाहुणे आले की बोरमळ्यात आधी पंखा बंद करत, पाहुणे देणाऱ्याचं नाव वाचेपर्यंत त्यांना घाम येऊ देत, आणि मग हवा सोडत. भिकाजी वारले तेव्हा त्यांच्या मुलाने, बजरंगने, तेराव्याच्या आत पेंटर बोलावून 'श्री.'चं 'कै.' करून घेतलं होतं. वारसनोंदीला मात्र त्याला पुढे चार वर्षं लागली.

हा बजरंग म्हणजे दिगंबरचा मेहुणा आणि देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. हनुमान जयंतीच्या सप्त्याआधी मंडपातले जुने दिवे, बटणं, होल्डर काढून नवे बसवायला ग्रामपंचायतीने मंजुरी दिली होती. अट एकच होती. काम झाल्यावर परवानाधारक माणसाचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. परवानाधारक माणूस घरातच निघाल्यामुळे बजरंगला ती अट वाटलीच नाही.

"दाजी, दिवं बदलायचं, सही ठोकायची, जेवून जायचं," तो फोनवर म्हणाला होता. "हाय काय त्यात?"

त्यात काय होतं ते दिगंबरला बजरंगला सांगता आलं नसतं. तळेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तो मेंटेनन्सला होता. त्या एकतीस वर्षांत मोजमाप सगळं त्याने केलं आणि सह्या सगळ्या साहेबांनी केल्या. साहेब कागद वाचत नसत. दिगंबरने केलंय ना, एवढंच विचारत. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचा परवाना काढला, नंबराचा शिक्का करून घेतला आणि स्टेशनजवळच्या फ्लॅटच्या दारावर पाटी लावली. बोरमळ्याचा रिपोर्ट हा त्याच्या स्वतःच्या सहीचा पहिला कागद होता. पहिलीच सही खोटी करायची तर मग साहेबच काय वाईट होते?

मंगळवारी सकाळी शिडीवर चढून त्याने पहिला जंक्शन बॉक्स उघडला आणि पुन्हा बंद केला. मग चष्मा पुसून पुन्हा उघडला. लाकडी पट्टीवरून गेलेल्या सुताच्या वेष्टणाच्या वायरी, एक तांबडी, एक काळी. हिरवी नाही.

"बजरंग, अर्थिंग कुठंय?"

"हाय की! दत्तोबाच्या बानं सळई ठोकलीती."

"कुठं?"

"तितं," बजरंगने बोट दाखवलं. तिथे देवळाची नवी संगमरवरी पायरी होती.

"दाजी, तुमी दिव्याचं बघा ना. बाकीचं जुनं हाय, ते ऱ्हाऊ द्या."

"नवा दिवा जुन्या वायरीला जोडला की जुनी वायर आपली होते," दिगंबर म्हणाला. "सही करणाऱ्याची. उद्या काही झालं तर दिवा नवा होता म्हणून कोणी मला सोडणार नाही."

मग त्याने मेगर काढला, म्हणजे वायरीच्या आवरणातून करंट गळतोय का ते सांगणारा डबा, आणि एकेका पंख्याला लावत गेला. चूक झाली ती इथे. कारखान्यात प्रत्येक मोटरीला नंबराची पट्टी असे आणि दिगंबर तिच्याशिवाय एक ओळ लिहीत नसे. या पंख्यांचे नंबर चाळीस वर्षांच्या रंगाखाली गाडले गेले होते. पण नावं होती, ठळक, एकासारखं दुसरं नाही. दिगंबरने शास्त्रशुद्ध विचार केला आणि कच्च्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

१. कै. भिकाजी मारुती: इन्सुलेशन शून्य. अंगात करंट. तातडीने काढणे.
२. कै. राघू खंडू: उत्तम.
३. कै. गोदाबाई: बेअरिंग गेलेले. आवाज फार. बाकी ठीक.
४. बोरमळा क्रिकेट क्लब: वेग कमी. कपॅसिटर बदलणे.
५. एक भक्त: पूर्ण निकामी.
६. सरपंच (माजी): चालू आहे, पण डोलतो.

बजरंगने कागद पाहिला, वाचला नाही, अक्षर सुंदर आहे एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याने अभिमानाने फोटो काढून 'समस्त ग्रामस्थ बोरमळा' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या दाजींनी केलेले काम.'

पुढचा तासभर दिगंबर शिडीवर होता, त्यामुळे त्याला खाली काय चाललंय ते समजलं नाही. राघू खंडूंचा मुलगा दत्तोबा, वय बासष्ट, याने वडिलांचा फोटो 'उत्तम' या शब्दासह स्टेटसला ठेवला. माजी सरपंचांनी डोलण्याबद्दल लेखी खुलासा मागितला. गोदाबाईंच्या तिन्ही सुना म्हणाल्या की माणूस परगावचा असला तरी पारख चांगली आहे. आणि एकोणतीस वर्षं गुप्त राहिलेल्या 'एक भक्त' यांनी चिंचवडहून फोन करून सांगितलं, की तो भक्त मी आहे, आणि निकामी कोणाला म्हणता?

तिसऱ्या पंख्याच्या हुकाला लटकून असतानाच दिगंबरचा फोन वाजला. सारिका. लग्नाला तीस वर्षं झाली, तळेगावात राहून सारिकाची भाषा कधीच शहराची झाली होती. पण रागावली की ती थेट बोरमळ्याची होत असे, आणि त्यावरून दिगंबरला रागाची पातळी मेगरशिवाय कळत असे.

"बाबांस्नी नापास केलंत म्हनं?"

"पंख्याला केलं."

"नाव कुनाचं लिवलंय त्यात?"

"अगं, ओळख पटायला—"

"तीस वरसं जावई हाय तुमी. अजून वळख पटली न्हाई व्हय?" फोन बंद झाला. पाऊण तासाने ती स्वतःच रिक्षाने येऊन दाखल झाली.

संध्याकाळी पाचला मंडपात बैठक बसली. बैठकीला सत्तर माणसं होती, म्हणजे ग्रामसभेला येतात त्याच्या बरोबर दहापट. सारिका आईजवळ बायकांत बसली होती आणि दिगंबरकडे न बघण्याचं काम मन लावून करत होती. नंदाबाई, दिगंबरच्या सासूबाई, खांबाला टेकून जपमाळ ओढत होत्या.

बजरंगने आधी दिगंबरला कोपऱ्यात घेतलं. त्याच्याकडे तडजोड तयार होती.

"दाजी, बाबांचा पंखा ऱ्हाऊ द्या वर. वायर सोडवून ठिवू. चालू करायचाच न्हाई. कागदावर ल्ह्या 'ठीक'."

"सप्त्यात दुपारी गरम झालं की?"

"तरी न्हाई."

"कोणीतरी वायर जोडेल."

"कोन जोडतंय?"

"तू."

बजरंगने यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि तडजोड मागे घेतली.

सभेपुढे दिगंबरने काय लागेल ते सांगितलं. सगळे पंखे बदला, ते काही फार नाही. पण त्याआधी नवीन वायर, पाइपातून. प्रत्येक जागी तिसरी हिरवी वायर. मेनला गळती झाली की आपोआप बंद पडणारा ईएलसीबी. आणि देवळाशेजारी अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून, आत पाइप सोडून. हे झालं तर सही. नाहीतर नाही.

'पंखे बदला' एवढं ऐकताच बैठकीत उत्साह संचारला. सहा हुकांसाठी अकरा पंख्यांची देणगी पाच मिनिटांत जाहीर झाली. 'एक भक्त' यांनी फोनवरून कळवलं की ते दोन देतील, आणि या वेळी नावानिशी.

"आणि वायर?" दिगंबरने विचारलं.

देणगीदार छताकडे बघू लागले.

"वायरीवर नाव कुटं लिवायचं?" मागून कुणीतरी रास्त शंका काढली. "पाइपाच्या आत असती ती."

"ईएलसीबी कुनी देतंय? दर्शनी भागात असतो. बोर्डावर नाव बसंल," बजरंग म्हणाला.

दत्तोबा पुढे सरसावला. सकाळपासून त्याच्या घराण्याचे दिवस चांगले चालले होते. "काय काम असतंय त्याचं?"

"कुठंही गळती झाली की सगळ्या मंडपाची लाइट घालवतो," दिगंबर म्हणाला.

दत्तोबाने मनाशी चित्र उभं केलं: भर कीर्तनात अंधार, आणि दोनशे माणसं एका सुरात कुणाचं नाव घेतायत. "न्हाई बा," तो म्हणाला. "आमच्या आबांनी गावासाठी लय केलंय. त्यांस्नी शिव्या खायला लावनार न्हाई."

शेवटी ग्रामपंचायतीच्या माणसाने मंजुरीचा कागद पुन्हा वाचला. वायर आणि ईएलसीबी त्यात बसत होते. खड्डा बसत नव्हता. मंजुरी 'विद्युत फिटिंग'साठी होती आणि खड्डा हे फिटिंग नव्हे, यावर तो ठाम होता. फिटिंग म्हणजे जे बसवतात ते. खड्डा खणतात. खणण्याचं खातं वेगळं, त्याचं वर्ष वेगळं.

खड्ड्याला देणगीदारही मिळेना. जमिनीखाली पाच-सहा फूट, वर सिमेंटचं झाकण. असं दान कोण करणार, जे खुद्द देणाऱ्यालाही दिसत नाही?

"खड्डा पुढल्या साली बघू," दत्तोबा म्हणाला. "सप्ता आठ दिसांवर आलाय. दाजी, करा सही. का सासऱ्यावरचा जुना राग काडताय?"

मंडप हसला. सारिका हसली नाही, पण तिने पहिल्यांदाच दिगंबरकडे पाहिलं. बजरंगने छापील रिपोर्ट पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. 'अर्थिंग तपासले' या ओळीपुढे चौकट होती. तिच्यात बरोबरची एक खूण, खाली सही, शिक्का. साहेबांना याला चार सेकंद लागत.

दिगंबरने पेन खिशाला लावलं आणि मीटर काढला. मीटरची एक पिन त्याने गाभाऱ्याच्या लोखंडी जाळीला लावली, दुसरी, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून, तिथे टेकवली. ही जाळी मंडपाच्या त्याच अँगलला वेल्ड केलेली होती, ज्यावर पंखे लटकत होते. पावसाळ्यात तिला हात लावला की बोटांना मुंग्या येत, आणि बोरमळा पिढीजात त्याला मारुतीची शक्ती मानत असे. लांबलांबून लोक नवस करून जात.

"बजरंग, बाबांच्या पंख्याचं बटण लाव. आता आकडा वाच."

"नव्वद." बजरंगने बटण बंद केलं, चालू केलं. "आता शून. आता नव्वद."

"घरात आपल्याला दोनशे तीस येतात. त्यातले नव्वद या जाळीत आहेत. सकाळी मी आलो तेव्हा चार पोरं हिला लोंबकळत होती. अजून फरशी कोरडी आहे, पायात चपला होत्या. सप्त्यात मंडप धुणार, पाय ओले असणार." एवढं बोलून तो थांबला, कारण भाषण करायची त्याला सवय नव्हती. "मी दिवे फुकट लावून देतो. सही मात्र नाही करणार. जावई बदलायचा असेल तर बदला."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने जाळीवर टेकवलेला हात सावकाश काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजी ती शक्ती न्हवती?" त्याने विचारलं.

"शक्ती आहे," दिगंबर म्हणाला. "मारुतीची नाही. वीज कंपनीची."

तेव्हा नंदाबाईंची माळ थांबली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्यो पंखा जुनाच व्हता."

"आई!" बजरंग दचकला.

"गप. तळेगावला तंबूचा शिनेमा बंद पडला, तवा तितनं आनला ह्यांनी. सेकंडहँड. रंग दिला, नाव घातलं. टांगला त्याच दिशी तेल घालाय चढले आन् असा झटका बसला, का खाली पोत्यावर आपाटले. मला म्हनले, कुनाला बोलू नगंस, नाव टाकून झालंय." त्यांनी पदर सावरला. "मरूस्तवर त्या पंख्याखाली बसले न्हाईत ते. भजनाला बी त्या कडंला बसायचे. लोकं म्हनायची, भिकाजी लय इनम्र मानूस, मागं बसतो."

मंडपात आता जे हसू फुटलं त्यात सारिकाही होती, डोळे पुसत.

"हसा," नंदाबाई म्हणाल्या. "पन त्या पंख्यापायी कुनाचं पोरगं चिकाटलं आस्तं, तर तवा नाव कुनाचं निघालं आस्तं? काडा त्यो. आन् खड्डा माझा."

"कसला खड्डा, मावशे?" दत्तोबाने विचारलं.

"त्यो, ज्याला गिऱ्हाईक न्हाई. ह्यांच्या नावानं. झाकनावर नाव बसतंय का न्हाई, जावईबापू?"

दिगंबरने विचार केला. झाकण दीड फूट चौरस असतं आणि, मुख्य म्हणजे, ते फिरत नाही.

"बसतंय," तो म्हणाला.

हे ऐकून दत्तोबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाव चोवीस तास वाचता येईल अशी अख्ख्या बोरमळ्यातली पहिली जागा त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्याने तिथल्या तिथे दुसरा खड्डा देऊ केला. दिगंबरने सांगितलं की दोन खड्डे असतील तर उत्तमच, आणि या एका वाक्याने त्या संध्याकाळी गावाचं जेवढं भलं झालं तेवढं सबंध सुरक्षा सप्ताहात कारखान्याचं झालं नव्हतं.

काम सहा दिवस चाललं. वायर पाइपात गेली, हिरवी वायर प्रत्येक बॉक्सात पोचली. जुने पंखे उतरले. पाती ज्याची त्याने घरी नेली. माजी सरपंचांची अजून दिवाणखान्यात आहेत म्हणतात. अकरातून सहा चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. गळती चाचणीसाठी दिगंबरने ईएलसीबीचं बटण दाबलं, मंडपाची लाइट गेली, आणि लोकांनी सवयीने वीज कंपनीचं नाव घेतलं. देणगीदार नव्हता तेच बरं झालं.

पहिला खड्डा बजरंगने स्वतः खणला. झाकणावर पेंटरने लिहिलं: 'कै. भिकाजी मारुती यांच्या स्मरणार्थ नंदाबाई यांजकडून अर्थिंग.' येणारीजाणारी माणसं नीट न वाचताच त्याला नमस्कार करू लागली. दुसऱ्या दिवशी त्यावर फूल होतं. दिगंबरने याला तांत्रिक हरकत घेतली नाही.

शेवटच्या सकाळी त्याने अर्थ टेस्टर लावला, म्हणजे करंट जमिनीत उतरताना किती अडतो ते सांगणारा डबा. काटा नऊवर थांबला.

"किती पायजे?" नंदाबाईंनी विचारलं.

"पाचच्या आत हवा, माझ्या हिशेबाने. जमीन कोरडी आहे. चैत्र आहे. पाइपात पाणी घालावं लागेल."

नंदाबाईंनी हंडा आणला आणि झाकणातल्या फनेलमधून सावकाश ओतला, नवऱ्याला आंघोळ घालावी तसा. दुसरा ओतला. तासाभराने काटा साडेतीनवर आला. दत्तोबाचा खड्डा जोडल्यावर दोनच्याही खाली उतरला, ही गोष्ट दत्तोबाने ग्रुपवर दशांशासह टाकली.

दिगंबर पायरीवर बसला. सगळ्या चौकटी त्याने एकेक वाचून भरल्या. पंख्यांची ओळख या वेळी कंपनीच्या नंबराने लिहिली. सही केली. ती साहेबांच्या सहीपेक्षा लांब झाली, कारण घाई नव्हती. शिक्का उमटवला. खाली 'शेरा' अशी एक ओळ उरली होती, जिथे कोणी कधी काही लिहीत नाही. तिथे त्याने लिहिलं: 'कोरड्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे आवश्यक. जबाबदारी: श्रीमती नंदाबाई भिकाजी.'

"माजं नाव कशापायी?" सारिकाने वाचून दाखवल्यावर नंदाबाई म्हणाल्या.

"कागदावर कोणीतरी जबाबदार लागतं, आई," दिगंबर म्हणाला.

"कागद कुटं जानार?"

"पंचायतीत. तिथे फायलीत राहील."

नंदाबाईंना शाळेचा एक दिवस माहीत नव्हता, पण फाइल म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तळेगावात फोन वाजला. दिगंबरने उचलला.

"जावईबापू, यक हंडा घातला. ल्ह्या."

हे कुठे लिहायचं असतं असा कोणताही नियम नाही, कोणताही रकाना नाही. दिगंबरने ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली, सारिकाकडून पट्टी मागून घेतली, आणि रेघा मारायला बसला: तारीख, वेळ, हंडे.